सरांची ट्रान्सफर केस

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या गाडीतून दोर काढून सरांच्या जीपला बांधला, तेव्हा सर हसत होते. अपमान झाला की सर नेहमीच हसत. त्यामुळे त्यांना ओळखणाऱ्या माणसांना त्यांचं हसणं पाहिलं की काळजीच वाटे.

रविवारची सकाळ होती. चांगल्या चालत्या गाड्या मुद्दाम दगडधोंड्यांत नि चिखलात घालायच्या आणि मग त्या बाहेर काढण्यात आनंद मानायचा, असा छंद असलेल्या दहा-बारा सुशिक्षित माणसांचा एक गट होता. सर त्यात दोनच महिन्यांपूर्वी शिरले होते. समोरचा चढ सगळ्यांनी एकेक करून पार केला होता. सरांची जुनी जीप मात्र तीनदा अर्ध्यावर जाऊन, दमा लागल्यासारखे गचके देऊन बंद पडली. चौथ्यांदा ती आपण होऊनच मागे आली आणि एका झुडपाला टेकून उभी राहिली.

आता यात एवढं लागण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. पण सर तंत्रनिकेतनात गेली चोवीस वर्षं गिअर शिकवत होते. फळ्यावर ते एका दमात दोन वर्तुळं काढत, ती इतकी गोल असत की मुलं त्यांचे फोटो घेत. कुठल्या चाकाला किती दाते, हे एकदा फिरलं तर ते किती फिरेल, हे सगळं त्यांच्या जिभेवर. अशा या दात्यांच्या पंडिताला भर चढावरून ओढून काढलं कुणी, तर दातांच्या डॉक्टरीणबाईंनी!

"सर, गाडीत खोट नाही हं," बाई दोर गुंडाळत समजुतीच्या सुरात म्हणाल्या. रडणाऱ्या पेशंटशी त्या याच सुरात बोलत असणार. "तुमची ट्रान्सफर केस जुन्या पद्धतीची आहे. हळू गिअरमध्येसुद्धा चाकं फार भरभर फिरतात, म्हणून इंजिन मान टाकतं. आतले गिअर बदलून घ्या. आमच्या मिस्त्रींनी माझ्या गाडीचं एका दिवसात करून दिलं. नंबर देऊ?"

"मिस्त्री कशाला?" सर म्हणाले. "मी घरीच करीन."

गटातले सगळे एकदम गप्प झाले. सरांना वाटलं, आदरानं झाले.

ज्यांना गाड्यांच्या पोटात डोकावायची हौस नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, ट्रान्सफर केस ही गिअरबॉक्सच्या मागे बसवलेली एक बिडाची पेटी असते. इंजिनाचा जोर ती पुढच्या नि मागच्या चाकांना वाटून देते. तिला एक दांडी असते. दांडी एका बाजूला केली की गाडी रस्त्यावर धावते तशी धावते, दुसऱ्या बाजूला केली की हळू पण दांडगाईनं चालते. सरांना या पेटीतले गिअर काढून नवे बसवायचे होते, म्हणजे हळू ती आणखी हळू, आणि दांडगाई ती आणखी दांडगी. फळ्यावर हे काम पाच मिनिटांचं होतं.

घरी आल्यावर सरांनी ही बातमी सिस्टरना दिली. सिस्टर म्हणजे सरांची बायको. मोठ्या रुग्णालयात त्या वॉर्डाच्या मुख्य परिचारिका होत्या, आणि सगळी इमारत त्यांना सिस्टर म्हणूनच ओळखे. सर आणि सिस्टर हे नवरा-बायको आहेत हे नव्या भाडेकरूंना पचायला थोडे दिवस लागत.

"अहो, मागच्या वर्षी तुम्ही मिक्सर उघडला होतात," सिस्टर म्हणाल्या.

"तो मिक्सर होता. हा माझा विषय आहे."

"मिक्सर कुणाचा विषय होता मग?"

सर हसले. सिस्टरना काळजी वाटली, पण त्यांची दुपारची ड्यूटी होती.

गिअरचा संच परदेशातून यायला सहा आठवडे लागले. या काळात सरांनी काम सुरू केलं, म्हणजे बोलायला सुरुवात केली. तंत्रनिकेतनाच्या स्टाफरूममध्ये त्यांनी नुसतं एवढंच म्हटलं, "सध्या ट्रान्सफर केसच्या मागे आहे." दुपारपर्यंत सगळीकडे झालं की सरांची बदली झाली असून प्रकरण कोर्टात गेलंय. गणिताचे मास्तर येऊन सरांचा हात हातात घेऊन बराच वेळ बसले आणि जाताना म्हणाले, "तुमचं ते खिडकीजवळचं टेबल... म्हणजे आत्ताच नाही, पण विचार करून ठेवा." प्राचार्यांनी बोलावून घेतलं.

"मला न सांगता ट्रान्सफर?"

"सर, गाडीची आहे."

"गाडीची ट्रान्सफर? कुठे?"

"घरीच."

प्राचार्यांनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं आणि दोन दिवस रजा घेऊन विश्रांती घ्यायला सांगितली. सरांनी ती आनंदानं घेतली, कारण संच त्याच दिवशी आला होता.

आता वरच्या मजल्यावरच्या काकांची ओळख करून द्यायला हवी. बँकेतून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना इमारतीत 'अनुभवी' म्हणत, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य "माझा अनुभव सांगतो" इथून सुरू होई. जीपबद्दल त्यांना काहीच माहिती नव्हती, आणि ते त्यांनी प्रामाणिकपणे कबूलही केलं. "मला गाडीतलं काही कळत नाही. पण माझा अनुभव सांगतो, सर. आमचा पाण्याचा हीटर मी घरी उघडला होता. आठवडाभर थंड पाण्यानं अंघोळ केली. तुम्ही एक करा. काढताना प्रत्येक गोष्टीचा फोटो काढा."

सल्ला अगदी योग्य होता. त्या सहा आठवड्यांत सरांना एवढा एकच योग्य सल्ला मिळाला, आणि हीटरवाल्या माणसाकडून आल्यामुळे त्यांनी तो मानला नाही. "काका, ज्याला तत्त्व कळतं त्याला फोटो लागत नाही," ते म्हणाले.

शनिवारी सकाळी सर नवाकोरा निळा डगला घालून इमारतीच्या पार्किंगमध्ये उतरले. डगल्याच्या खिशाला त्यांनी चार पेनं लावली होती, पैकी एक लाल. जीपखाली त्यांनी जाड जुनी चादर अंथरली. बाजूला हत्यारं उंचीप्रमाणे मांडली. पेटीचं वजन किती, तिचा तोल कुठे, जॅक नेमका कुठे लावायचा याचं दोन पानी गणित त्यांनी आदल्या दिवशी केलं होतं. तपासून पाहणाराला त्यात अर्ध्या मार्काचीही चूक सापडली नसती. फक्त पाणी वाहून जावं म्हणून पार्किंगच्या फरशीला गटाराकडे उतार ठेवलाय आणि सरांनी मागून आणलेल्या जॅकला चाकं आहेत, या दोन गोष्टी गणितात धरलेल्या नव्हत्या.

पहिले दोन तास काम झकास झालं. गंजलेले नट सुटले. तेल काढण्यासाठी सरांनी घरातलं एक तसराळं आणलं होतं, तेल त्यात मावलं नाही, उरलेलं डगल्यानं प्यायलं. आडवे पडून सरांनी शेवटचा नट सोडला. पेटी गिअरबॉक्सपासून अलगद सुटली, जॅकवर बसली. आणि मग जॅक गटाराच्या दिशेनं निघाला. घाईबिई काही नाही, घरी चाललेल्या माणसासारखा निवांत निघाला.

माणसाच्या भीतीनं पोटात गोळा येतो. सरांच्या तो पोटावर आला. पेटी जॅकवरून घरंगळली आणि, नशीब थोर म्हणून, पडली नाही तर बसली. सरांच्या बेंबीच्या किंचित वर, पन्नासेक किलोच्या मांजरासारखी. सरांनी दोन्ही हातांनी तिला धरलं. धरता येत होतं, उचलता येत नव्हतं. श्वास येत होता, पण वरवरचा.

यानंतर कुणीही शहाण्या माणसानं ओरडून मदत मागितली असती. सरांनी नाही मागितली. गिअर शिकवणारा माणूस गिअरखाली अडकलाय ही बातमी इमारतीतून तंत्रनिकेतनात, आणि तिथून गणिताच्या मास्तरांपर्यंत जायला कितीसा वेळ लागणार? त्यांनी ठरवलं, युक्ती सुचेपर्यंत इथेच पडून राहायचं. बाहेरून पाहणाऱ्याला त्यांचे फक्त गुडघ्यापासूनचे पाय दिसत होते, आणि पायांकडे पाहून कुणाला काय कळणार?

सगळ्यात आधी अनुभवी आले. ते खाली वाकले नाहीत, त्यांची कंबर वाकत नव्हती. ते पायांशीच बोलू लागले.

"काय सर, कुठपर्यंत आलं?"

"पो...हो...चलं," सर म्हणाले.

"निघाली का ती पेटी?"

"निघाली."

"मग आता काय चाललंय?"

"विचार."

अनुभवींना हे फार आवडलं. "हेच, हेच. मी हीटर उघडला तेव्हा विचार केला नाही." मग त्यांनी हीटरची गोष्ट सांगितली. सगळी सांगितली. मध्ये एकदा सरांच्या तोंडून "अं" असा आवाज निघाला, तो त्यांनी हुंकार समजून गोष्ट थोडी वाढवली.

तेवढ्यात सेक्रेटरी आले. हे गृहस्थ विमा कंपनीत होते आणि इमारतीच्या सेक्रेटरीपदाला त्यांनी आयुष्य वाहिलं होतं. त्यांच्या हातात कागद होता. सेक्रेटरींच्या हातात कागद नसेल तर त्यांना कसंतरीच होई.

"सर, सोसायटीकडून नोटीस आहे. हातात द्यावी लागते."

"ठेवून... जा."

"हातात. तसा नियम आहे."

"हात... रिकामे नाहीत."

सेक्रेटरी विचारात पडले. मग त्यांनी नोटीस पायांना वाचून दाखवली. पार्किंगमध्ये फक्त वाहन ठेवता येतं, जे स्वतः चालू शकतं ते वाहन, जे चालू शकत नाही ते भंगार, आणि भंगार ठेवायला मनाई आहे, असा एकूण आशय होता. वाहनात फेरफार करायचा असल्यास परिवहन कार्यालयाचं परवानगीपत्र पंधरा दिवसांत सादर करावं. "पोचल्याची सही?" त्यांनी विचारलं. पायांनी उत्तर दिलं नाही. सेक्रेटरींनी अनुभवींना विचारलं, "यांनी नोटीस नाकारली असं लिहू?"

"अहो, ते विचार करतायत," अनुभवी म्हणाले.

"पाऊण तास?"

"शिकलेली माणसं आहेत."

असं ते दोघं पायांच्या दोन बाजूंना उभे राहून, शिक्षणाचा आता काही उपयोग राहिलाय की नाही, यावर बोलत असताना सिस्टर सकाळची ड्यूटी संपवून फाटकातून आत आल्या. त्यांनी पाय पाहिले. बाकीच्यांनी तासभर तेच पाय पाहिले होते, पण सिस्टरनी ते वेगळ्या नजरेनं पाहिले. त्यांनी खाली बसून सरांच्या पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडलं, रक्त परत येतंय का ते पाहिलं, आणि शांतपणे विचारलं, "अहो. पोटावर काय आहे?"

 आतून बारीक आवाजात उत्तर आलं, "ट्रान्सफर केस."

"केव्हापासून?"

"झाला... थोडा वेळ."

पुढची दोन मिनिटं पार्किंगमध्ये फक्त सिस्टरांचा आवाज होता. "सेक्रेटरी, तो कागद खिशात घाला आणि चादरीचं हे टोक धरा. काका, तुम्ही हे. कंबर नाही, गुडघे वाकवा. वॉचमनदादा, इकडे या, तुम्ही मधे. अहो, तुम्ही पेटी धरून ठेवा, दुसरं काही करू नका. मी तीन म्हटल्यावर ओढायचं. एकावर नाही, दोनवर नाही. एक, दोन, तीन!"

आणि सर चादरीसकट बाहेर आले. अंगभर काळं तेल, डोळे मिटलेले, पोटावर दोन्ही हातांनी कवटाळलेली पेटी. वॉचमनदादांनी ती उचलून बाजूला ठेवली. सर उठून बसले, एक लांब श्वास घेतला आणि सेक्रेटरींना म्हणाले, "भंगार हा शब्द मला मान्य नाही."

पेटी वर जेवणाच्या टेबलावर गेली आणि सर सोमवारी परिवहन कार्यालयात गेले.

पहिल्या खिडकीत एक बाई बसल्या होत्या. "काय काम?"

"ट्रान्सफर केस बदलायचीय. त्याची परवानगी."

"ट्रान्सफर तीन नंबर."

तीन नंबरच्या खिडकीतला कारकून संगणकाकडे पाहतच म्हणाला, "ट्रान्सफर. कुणाकडून कुणाकडे?"

"इंजिनाकडून चाकांकडे," सर म्हणाले.

कारकुनानं मान वर केली. "काय?"

"म्हणजे शक्ती हो. शक्ती इकडून तिकडे जाते."

"शक्ती," कारकुनानं टाइप केलं. "पुढे आडनाव?"

सरांनी खिशातून लाल पेन काढलं आणि अर्जाच्या मागे दोन वर्तुळं काढली. खूप गोल आली. रांगेतल्या माणसांनी माना पुढे काढून पाहिलं. एकानं तर, पत्ता विचारताय का, असंही विचारलं. कारकून मनानं चांगला होता. तो म्हणाला, "साहेब, चित्र छान आहे. पण अर्जात देणाऱ्याचं नाव लागतं, घेणाऱ्याचं नाव लागतं. घेणारा रिकामा ठेवला तर मशीन पुढे सरकत नाही. घरात आणखी कोण आहे?"

"बायको आहे."

"मग बायको घालतो. आधी अर्ज पुढे तर जाऊ दे. काही चुकलं तर नंतर दुरुस्त होतं. इथे घेणाऱ्याची सही आणा."

सर अर्ज घेऊन घरी आले. "एक औपचारिकता आहे," ते सिस्टरना म्हणाले. सिस्टर सही करण्याआधी सगळं वाचत, वॉर्डात लागलेली सवय होती ती. त्यांनी अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. एकदा चष्म्यावरून सरांकडे पाहिलं. आणि झोकदार सही केली.

आठ दिवसांनी जीपचं नोंदणीपुस्तक आलं. मालक म्हणून सिस्टरांचं नाव.

सर तसेच धावत कार्यालयात गेले. कारकुनानं त्यांना ओळखलं. "झालं ना काम?" म्हणाला. सरांनी परवानगीचं विचारलं तर तो म्हणाला, "फेरफाराची परवानगी मालकानं मागायची असते. तुम्ही आता कोण?"

हा प्रश्न सरांना फार खोलवर लागला. बाकावर बसून ते बराच वेळ विचार करत होते, आणि या खेपेला खरोखरच करत होते.

शेवटी सिस्टर आपल्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी गेल्या आणि अर्ध्या तासात शिक्का मारलेलं पत्र घेऊन आल्या.

"कसं मिळालं?" सरांनी अविश्वासानं विचारलं.

"मी म्हटलं, गाडीच्या गिअरची पेटी दुरुस्त करायचीय."

"पण तिला ट्रान्सफर केस म्हणतात!"

"म्हणून तर तुम्हाला मिळालं नाही," सिस्टर म्हणाल्या, आणि पत्र सेक्रेटरींना द्यायला खाली गेल्या.

आता पेटी. तीन आठवडे ती जेवणाच्या टेबलावर होती आणि घर ओट्याशी उभं राहून जेवत होतं. पुस्तिका परदेशी भाषेत होती, पण सरांना भाषेची गरज नव्हती, आकृत्या होत्या. रोज संध्याकाळी सर डगला चढवून बसत. मुलगी कॉलेजातून आली की विचारी, "बाबा, आज टेबल मिळेल?" सर म्हणत, "शास्त्राला घाई चालत नाही." आत बारीक सुयांसारखे पोलादी रोलर होते, पंच्याऐंशी-नव्वद. ते ग्रीसनं एकेक चिकटवून रांगेत बसवायचे. ऐंशीवा बसवला की तिसरा पडे. एकदा शिंक आली आणि सगळेच पडले. सर हसले. मुलगी मैत्रिणीकडे अभ्यासाला निघून गेली.

पेटी बंद करायच्या दिवशी सिस्टर समोर येऊन उभ्या राहिल्या. "थांबा. मोजणी झाली?"

"कसली मोजणी?"

"आमच्याकडे पोट शिवायच्या आधी सगळं मोजतात. कात्र्या, चिमटे, कापसाचे बोळे. एक कमी भरला तरी शिवत नाहीत. माझी गाडी आहे. मोजा."

सरांनी मोजलं. एक रोलर कमी भरला. टेबलाखाली पाहिलं, केर चाळला, सोफा ओढला. शेवटी सिस्टरनी सरांचा हात धरून वळवला, तर रोलर कोपराला ग्रीसमध्ये चिकटून बसला होता. सरांनी तो मान खाली घालून जागेवर बसवला. आता नट, वॉशर, रोलर, गिअर सगळं यादीबरहुकूम भरलं. पण मोजणीत वस्तू किती ते कळतं, कुठल्या अंगानं बसली ते कळत नाही. आकृती पुढच्या बाजूनं पाहून काढलेली होती, आणि सर तीन आठवडे टेबलाच्या मागच्या बाजूला बसले होते.

पेटी जीपखाली चढवताना सिस्टरनी वॉचमनदादा, अनुभवी आणि सेक्रेटरी यांना कामाला लावलं आणि सरांना लांब उभं केलं. "तुम्ही सांगा फक्त," त्या म्हणाल्या. सर सांगत राहिले, बाकीचे सिस्टरांचं ऐकत राहिले, आणि पेटी तासाभरात बसली.

मग सरांनी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. पहिला गिअर. क्लच सोडला. आणि जीप चालली!

अनुभवींनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरींनीसुद्धा, "वाहन आहे," असं मान्य केलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. चोवीस वर्षं खडूनं काढलेली ती वर्तुळं खाली कुठेतरी खरोखरच एकमेकांत दाते घालून फिरत होती, आणि त्यांची घरघर सरांना तळव्यातून कळत होती. त्यांनी फाटकातून जीप बाहेर काढली. दुसरा टाकला, तिसरा टाकला, चौथा टाकला. इंजिन बोंबलायला लागलं. काटा ताशी अठरावर जाऊन थांबला. सरांनी ट्रान्सफर केसची दांडी रस्त्यावरच्या वेगाकडे ढकलली. दांडी हलली नाही. दोन्ही हातांनी ओढली, पायानं रेटली. नाही. शेजारून शाळेच्या दप्तरासकट सायकलवर चाललेली एक मुलगी पुढे निघून गेली. वळणावर चारही चाकं फरशीवर ओढलेल्या कपाटासारखी कुरकुरली.

दोन दिवस सरांनी सगळ्यांना सांगितलं की नवे गिअर आधी बसावे लागतात, रुळावे लागतात. तिसऱ्या दिवशी ते तंत्रनिकेतनात उशिरा पोचले. चौथ्या दिवशीही. पाचव्या दिवशी सिस्टरनी डॉक्टरीणबाईंना फोन लावून मिस्त्रींचा पत्ता घेतला. "चला," त्या म्हणाल्या. सरांनी कुरकुर केली नाही, हे त्यातल्या त्यात त्यांच्याबद्दल बरं सांगण्यासारखं.

मिस्त्री मोजकंच बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी जीप वर घेतली, झाकण काढलं, आत बोटं घातली, आणि डोळे मिटून चाचपलं. सर श्वास रोखून उभे होते. परीक्षेच्या निकालाच्या फळ्यासमोर मुलं कशी उभी राहतात, हे सरांनी आजवर फक्त दुसऱ्या बाजूनं पाहिलं होतं.

"घरी केलंय?" मिस्त्रींनी विचारलं.

"हो," सर म्हणाले.

"एवढं स्वच्छ काम आम्ही पण करत नाही."

सरांची मान दोन इंच लांब झाली.

"फक्त आतला काटा उलटा बसलाय. दांडी ज्या काट्याला ढकलते ना, तो. म्हणून गाडी हळूमध्येच अडकलीय." मिस्त्रींनी हात पुसले. "अर्ध्या तासाचं काम. करू सरळ? मालक कोण?"

सरांनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

"मी," सिस्टर म्हणाल्या. "एक सांगा, ही अशीच चालवली तर धोका काही?"

"धोका कसला, ताई? अठराच्या वर जातच नाही."

"काही मोडेल?"

"कोरड्या रस्त्यावर टायर जरा लवकर झिजतील. बाकी काही नाही."

"ब्रेक?"

"लागणारच नाहीत फारसे. पाय काढला की थांबते."

"आणि चढ?"

"चढ?" मिस्त्री पहिल्यांदाच हसले. "भिंत चढेल."

सिस्टरनी एकदा जीपकडे पाहिलं. मग त्यांनी पर्स खांद्याला लावली. "राहू द्या मग अशीच. झाकण लावा."

"अगं पण..." सर म्हणाले.

"तुम्हाला चढच चढायचा होता ना?"

सरांनी उत्तर शोधलं. पाठ असलेल्या सगळ्या सूत्रांत शोधलं. तिच्या बोलण्यात चूक कुठेच नव्हती, आणि चूक नसलेलं उत्तर दुसऱ्यानं दिलं की सरांना फार त्रास होई.

"आणि मला जेव्हा वाटेल तेव्हा येऊ आपण सरळ करायला," सिस्टर म्हणाल्या. "तोवर तुम्ही कुठेही जा. माझ्या जिवाला घोर नाही."

ते परत निघाले. दुपारचा मोठा रस्ता, मागे हॉर्नांचा गलका. पुढे पाण्याचे भरलेले जार वाहून नेणारी एक तीनचाकी सायकल चालली होती. सरांनी शिस्तीत उजवा दिवा दाखवला आणि तिला मागे टाकायला घेतलं. पहिल्या सिग्नलपासून औषधाच्या दुकानापर्यंत दोघं बरोबरीनं चालले. औषधाच्या दुकानापासून शाळेपर्यंतही. एवढा वेळ शेजारी असल्यावर न बोलणं बरं दिसेना, म्हणून सायकलवाल्यानं पायडल मारता मारता विचारलं, "लांब चाललात?"

"नाही, घरीच," सर म्हणाले.

"काय करता आपण?"

"शिकवतो."

"वा. काय शिकवता?"

सरांनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर बाहेर पाहत होत्या. त्यांचे खांदे हलत होते.

"गिअर," सर म्हणाले.

सायकलवाल्यानं एकदा जीपकडे पाहिलं, एकदा सरांकडे पाहिलं. माणूस सभ्य होता.  त्यानं फक्त ब्रेक दाबून आपली सायकल जरा हळू केली आणि हातानं खूण केली, "जा, सर, तुम्ही पुढे."